कपाटातला नंबर

लुंबिनी हनवते माझ्याकडं राहायला आली, तेव्हा ट्रंक खाली टेकवायच्या आधीच तिनं मोबाईल बंद केला आणि माझ्या हातात दिला. मी अजून मागितलाही नव्हता.

"ठेवा बाई. मी मागितला तरी देऊ नका."

लातूरबाहेरच्यांना हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. आमच्या गावात प्रवेश परीक्षेच्या पोरांचे मोबाईल काढून घ्यायची रीत आहे. होस्टेलवाले पेटीत ठेवतात, माझ्यासारख्या मुलींना खोल्या देणाऱ्या बायका कपाटात ठेवतात. रविवारी तासभर मोबाईल परत मिळतो. काही पोरं तेवढाही घेत नाहीत, आणि मग त्यांचे आईबाप चारचौघांत सांगतात, "आमच्या पोरीनं मोबाईल सोडला." तंबाखू सोडल्यासारखं. क्लासचे सर अशा पोरांना उभं करून बाकीच्यांना टाळ्या वाजवायला लावतात. मी शाळेत इतिहास शिकवत असे. टाळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पण कपाट मोकळं होतं. ठेवला.

लुंबिनी हिमायतनगरजवळच्या एका खेड्यातली. वडील आनंदराज हिमायतनगर-भोकर रस्त्यावर काळीपिवळी चालवतात, आई पंचशीला शाळेत खिचडी शिजवते. पोरगी चणीनं लहान, केस इतके घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसाव्यात. बोलणं फटकळ. माझं तिच्याशी लगेच जमलं. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. लातुरात हे वाक्य ऐकायला मिळणं मुश्कील.

"मला नर्स व्हायचंय बाई. आमच्याकडं सिस्टरला लई मान हाय. डॉक्टर येतोच कवा?"

मोबाईलबद्दल तिची स्वतःची मतं होती आणि ती कुणी न विचारता सांगायची. तिच्या खोलीत रेणापूरची सृष्टी राहायची. घरचं कापडाचं दुकान, भाऊ न सांगता रिचार्ज मारायचा. एका रविवारी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. लुंबिनी म्हणाली, "रोजचा डेटा म्हणजे आमच्या मायच्या शाळेतली खिचडी. खाल्ली तर खाल्ली, घरी न्यायची न्हाई. रातच्याला उरला की गेला. मंग माणूस भूक नसताना बी खात बसतं. तू ते रील बघून राहिली ना, ती तुझी भूक न्हाई. पैसे वाया जातील म्हणून बघून राहिली."

"मग साधं बोलायचं रिचार्ज मार ना," सृष्टी म्हणाली.

"ते बी आता स्वस्त न्हाई राहिलं. अन् अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणत्या कॅलेंडरात हाय, सांग बरं. माझ्या बापाला कुणी अठ्ठाविसाव्या दिवशी भाडं देतं का?"

मला हसू आलं. पोरगी बरोबर बोलत होती.

डिसेंबरात तिनं नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म भरला. नेट कॅफेत बसून एकाच बैठकीत फॉर्म, कागदपत्रं, कॉलेजांचा पसंतीक्रम, सगळं उरकलं. नंबर स्वतःचा दिला. ईमेलही तिथंच काढला, त्यालाही तोच नंबर. मग मोबाईल बंद करून माझ्याकडं आणून दिला आणि वडिलांना सृष्टीच्या फोनवरून सांगितलं, "पप्पा, आता माझं रिचार्ज मारू नका. परीक्षा होईपर्यंत मला मोबाईलच नको."

आनंदराजांनी त्यांच्या स्टँडवर ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. पोरीनं मोबाईल सोडला. पुढं परीक्षा झाली, निकाल लागला. तो बैठक क्रमांक आणि जन्मतारखेवर दिसला. मार्क चांगले पडले होते. ट्रंक आणि मोबाईल माझ्याकडंच ठेवून ती गावी गेली. जुलैत पहिली यादी लागायच्या सुमाराला ट्रंक न्यायला परत लातूरला आली.

यादी संध्याकाळी लागली. माझ्याच मोबाईलवर तिनं बघितली. नांदेडचं सरकारी नर्सिंग कॉलेज. ती ओरडली नाही, खुर्चीत बसली आणि पाणी मागितलं. मी साखर द्यायला उठले. परत आले तर तिचा चेहरा बदललेला.

"बाई, जागा स्वीकारायला लॉगिन करायला लागतं. उद्या पाचपर्यंत. ओटीपी माझ्या नंबरवर गेला."

"मग तुझा मोबाईल चालू कर की."

कपाटातून तिचा मोबाईल काढला. चार्ज केला, चालू केला. वर कोपऱ्यात नेटवर्कच्या जागी फुली. मी म्हटलं रिचार्ज संपलं असेल, आत्ता मारते. मी माझ्या मोबाईलवरून तिच्या नंबरचं रिचार्ज करायला गेले. नंबर टाकला आणि पैसे भरायच्या ॲपवर नाव आलं: गंगम्मा.

"हे कोण?"

लुंबिनी बघतच राहिली. "माझा नंबर हाय हा."

मी तो नंबर माझ्याकडं जतन करून व्हॉट्सॲप उघडलं. फोटो आला. कपाळावर विभूती लावलेला एक माणूस किराणा दुकानासमोर उभा, मागं पाटी, पाटीवर खाली उदगीर.

"सिम तर माझ्या मोबाईलमध्ये हाय ना बाई?" ती मागचं झाकण काढायला लागली, जणू सिम आत नसेल. होतं. जागच्या जागी होतं. "मग नंबर त्यांच्याकडं कसा गेला?"

मी तिला सांगितलं. रिचार्ज काही महिने झालं नाही की कंपनी नंबर काढून घेते आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्याला देते. तुझ्या मोबाईलात जे आहे ते नुसतं प्लास्टिक. तिला हे माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, नंबर म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव. पीक घेतलं नाही तरी शेत आपलंच राहतं.

मदत केंद्राला फोन लावला. आधी गाणं ऐकवलं, मग एका मुलानं सांगितलं, लॉगिनशिवाय नंबर बदलायचा तर अर्ज करा, आठवडा लागेल. मी म्हटलं, मुदत उद्या पाचला संपते. तो म्हणाला, मॅडम, जुन्या नंबरवर ओटीपी येतोय ना, तोच टाका. आणि फोन ठेवला.

म्हणजे एकच वाट उरली. अनोळखी माणसाला फोन करून ओटीपी मागायचा. हा धंदा कोण करतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फोन लागायच्या आधी सरकारच सांगतं, ओटीपी कुणाला देऊ नका.

मी लावला.

"यारु?" म्हाताऱ्या बाईचा आवाज. उदगीरकडच्या कानडीत विचारत होती, कोण?

"नमस्कार. मी लातूरहून बोलते. तुमच्या मोबाईलवर आत्ता एक ओटीपी—"

कट.

पुन्हा लावला. आता पुरुष. "कोण बोलतंय?"

मी सगळं नीट सांगायला सुरुवात केली. त्यानं अर्ध्यात तोडलं. "आता म्हाताऱ्या बायका बी ठेवल्या व्हय कामाला? मागच्या वेळी बँकेचा साहेब होता. आवाज चांगला काढलाय, मास्तरणीसारखा."

"मी मास्तरीणच आहे."

"मग मी कलेक्टर. पुन्हा फोन केलास तर हा नंबर सायबरला देतो." कट. नंतर फोन लागेनाच. नंबर ब्लॉक केला होता.

लुंबिनी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. मी तिच्या हातावर हात ठेवला. "बाई, खरंच पोलिसात दिला तर माझं नाव येईल का? सरकारी नोकरीला चालत न्हाई तसलं."

"नंबर माझा देईल. आले तर मला नेतील."

माझी गंमत तिला कळली नाही. तिनं तोवर आणखी एकदा लॉगिन करून बघितलं होतं. साइटवर लाल अक्षरं आली: वारंवार प्रयत्न केल्यास खाते बंद होईल. त्यानंतर तिनं मोबाईल पालथा घातला आणि हात पाठीमागं घेतले.

तेवढ्यात आनंदराजांचा फोन माझ्या मोबाईलवर. "जय भीम बाई. यादी लागली म्हणे. काय होऊन राहिलं तिकडं?"

लुंबिनी दोन्ही हात जोडून माझ्याकडं बघत होती. पप्पांनी रिचार्ज मारायला कधी नकार दिला नव्हता. तिनंच नको म्हटलं होतं.

"जय भीम. नांदेड मिळालंय. थोडं काम राहिलंय, उद्या झाल्यावर फोन करते," मी म्हटलं आणि ते आणखी काही विचारायच्या आत ठेवला. मला गोड गोड खोटं बोलता येत नाही. जास्त बोलले असते तर खरं तेच तोंडातून निघालं असतं.

सकाळी उदगीरची एसटी पकडली. पोरीनं काही खाल्लं नव्हतं. अर्धी वाट गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"बाई, माझ्या नंबरवर आणखी काय काय जात असंल? बँकेचं जात असंल. शिष्यवृत्तीचं. आधारला बी तोच हाय. म्हणजे आता ती आजीच लुंबिनी हनवते हाय ना? मी कुणीच न्हाई."

"काहीतरी बोलू नकोस."

"खरं बोलून राहिले. मला वाटायचं, मोबाईल चैन हाय. चैन सोडली की सुटली. आता कळलं, ते चैनीचे पैसे न्हाईत. हजेरीचे हायत. न्हाई भरले की पटावरून नाव कमी." ती खिडकीबाहेर बघत होती. "अन् ज्याला परवडत न्हाई, त्याचंच कमी होतं. सृष्टीचं कशाला होईल?"

मी म्हटलं, बिस्कीट खा. तिनं खाल्लं नाही.

उदगीरला त्या दुकानाचं नाव घेताच रिक्षावाल्यानं नेऊन सोडलं. फोटोतला माणूस तराजूवर तूरडाळ जोखत होता. नाव संगमेश्वर. शेजारी स्टुलावर त्याची आई, गंगम्मा, हातात मोठ्या स्क्रीनचा मोबाईल, त्यात भजन लागलेलं. गिऱ्हाईक होतं थोडं. मी सरळ म्हटलं, "कालच्या फोनवरची मास्तरीण मीच."

डाळीचा स्कूप तसाच राहिला त्याच्या हातात. "आवाज तोच की! अम्मा, बघ, चोर आता घरीच यायला लागलेत."

गंगम्मानं भजन बंद केलं आणि मोबाईल पदराखाली घेतला. "बेड, बेड," ती म्हणत राहिली. नको, नको. माझ्याकडं नाही, लुंबिनीकडं बघत.

गिऱ्हाइकं जवळ सरकली. एक जण म्हणाला, पोरगी पुढं करायची यांची पद्धतच हाय. लुंबिनी माझ्या मागं इतकी चिकटून उभी होती की तिचा श्वास मला मानेवर लागत होता.

"आधार कार्ड आहे?" संगमेश्वरनं विचारलं.

तिनं दिलं. त्यानं मोठ्यानं वाचलं. "हनवते. लुंबिनी आनंदराज." आणि जरा थांबला. त्याच्या कपाळावर जी विभूती होती तीच माझ्या घरच्या देव्हाऱ्यात आहे, म्हणून ते थांबणं मला चांगलं ओळखीचं आहे. लुंबिनीलाही ओळखीचं असावं. तिनं मान खाली घातली. त्यानं मनात काय जोखलं ते त्याचं त्याला माहीत. बोलला एवढंच, "कार्ड तर कुणी बी छापतं."

मग त्यानंच सांगितलं, रागानं, आम्हाला आणि गिऱ्हाइकांना मिळून. गेल्या वर्षी अम्माला बँकेतून बोलतो म्हणून फोन आला. तिनं आकडे वाचून दाखवले. खात्यातलं सगळं गेलं. त्यानंतर ती महिनाभर नीट जेवली नाही. जुना नंबर फेकून दिला, गेल्या महिन्यात हा नवीन घेतला. हा तरी साफ असेल म्हणून.

"साफच आहे," मी म्हटलं. "फक्त आधी हिचा होता."

"मग चला पोलीस ठाण्यात. साहेबांसमोर देतो."

"चला!" मी पिशवी उचलली. मी पोलिसांना घाबरत नाही. पण लुंबिनीनं माझा दंड धरला. दुपार झाली होती. ठाण्यात साहेब जेवायला गेलेले असणार, मग अर्ज, मग पंचनामा. पाच वाजून जातील. हे तिला माझ्याआधी कळलं. ती माझ्या मागून पुढं आली. 

"दादा, ओटीपी मला देऊ नका. सांगू बी नका. तुमच्याच मोबाईलवर साइट उघडा. तुमच्या हातानं टाका. मी हात लावत न्हाई. तुम्ही बघा, पैशाचं काही निघालं तर बंद करा."

संगमेश्वर तिच्याकडं बघत राहिला. ह्यात फसवणूक कुठं आहे, हे तो शोधत होता. सापडली नाही. त्यानं हात पुसले आणि स्वतःचा मोबाईल काढला.

तिनं पत्ता सांगितला, त्यानं टाईप केला. गंगम्माच्या पदराखाली मोबाईल थरथरला तशी ती दचकली. मुलगा कानडीत हळू बोलला. तिनं मोबाईल दिला, पण त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली. त्यानं एकेक आकडा बघून टाकला.

पान उघडलं. लुंबिनीचा फोटो, मार्क, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बापाचा धंदा, घरचा पत्ता. सगळं एका अनोळखी दुकानदाराच्या हातात, आणि त्याच्या खांद्यावरून बघायला तीन माना. मी त्या मानांना म्हटलं, "तेल घ्यायला आलात ना? तेल घ्या." त्या मागं झाल्या.

"हे 'जागा स्वीकारा' म्हणजे काय? दाबलं की पैसे जातील?"

"न्हाई दादा. दाबलं की मी जाईन. नांदेडला."

त्यानं दाबलं. चक्र फिरायला लागलं. फिरत राहिलं. मग वरून एक मेसेज खाली आला. त्यानं तो वाचला आणि कपाळाला हात लावला. आजचा डेटा संपला होता. सकाळपासून अम्माला त्याच्याच नेटवर भजनं लावून दिली होती. तिच्या मोबाईलला नुसतं बोलायचं रिचार्ज होतं.

"आता?" तो म्हणाला.

लुंबिनी रडायच्या बेतात होती, पण डोकं चालू होतं. माझ्या मोबाईलचं नेट त्याच्या मोबाईलला जोडता येईल. हॉटस्पॉट. अम्माचा मोबाईल त्याला कुणीतरी जोडून दिला होता, दुसऱ्याचं नेट घेणं संगमेश्वरला जमत नव्हतं, मला तर बापजन्मी जमलं नसतं. जोडायचं तर तिला त्याचा मोबाईल हातात घ्यावा लागणार होता. ती हात पुढं करेना. हात लावणार नाही म्हणाली होती ना.

"पान बंद पडंल दादा. पुन्हा ओटीपी मागितला तर खातं लॉक होईल."

संगमेश्वरनं आईकडं बघितलं. गंगम्मा मान हलवत होती, बेड, बेड. त्याच मोबाईलात त्याच्या दुकानाचं खातं, सगळा व्यवहार. मी काहीही बोलले नाही. बोलले असते तर त्यानं मोबाईल खिशात घातला असता, इतकं मला कळतं.

त्यानं मोबाईल लुंबिनीच्या हातात दिला.

घाईत तिचा पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला. जोडलं गेलं. चक्र फिरलं आणि हिरवी पट्टी आली. जागा निश्चित. लगेच तिनं नंबर बदलण्याच्या ठिकाणी माझा नंबर टाकला, कारण वडिलांच्या नंबरला गाडीत रेंज नसते आणि तिचा स्वतःचा आता कुठलाच नव्हता. तो ओटीपी माझ्याकडं आला. मी वाचून दाखवला. मग तिनं साइट बंद केली, सगळं पुसलं आणि मोबाईल दोन्ही हातांनी परत दिला.

संगमेश्वरनं सगळ्यात आधी खात्यातली शिल्लक बघितली. आमच्यासमोरच. लाज न धरता. लुंबिनी तशीच उभी राहिली, तो बघेपर्यंत. "आहे," तो आईला म्हणाला. गंगम्मानं स्वतः बघितली, अंकावर बोट ठेवून. मगच बाही सोडली. चहा विचारला नाही त्यांनी, आणि आम्हालाही नको होता. निघताना तो एवढंच म्हणाला, "ह्या नंबरवर तुझं काही आलं तर मास्तरणीला कळवतो. ब्लॉक काढतो तुमचा."

आनंदराजांना मी बसमधून फोन केला. काय झालं ते पोरीनं स्वतः सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, जेवलीस का?

ती आता नांदेडला आहे. बँकेत आणि आधार केंद्रात जाऊन तिनं तिथले नंबर बदलून घेतले, नवीन सिम घेतलं. पण प्रवेशाच्या साइटवर नंबर एकदाच बदलता येतो. कागदपत्रांची शेवटची तपासणी होईपर्यंत तिथं माझाच नंबर राहणार, आणि शिष्यवृत्तीचे मेसेजही माझ्याकडंच येणार. तिचा फोन येतो. "बाई, रिचार्ज केलं का?" केलं म्हटलं तर कधी संपतंय ते विचारते. मी वैतागते. वर्षाचं एकदम मारून टाकलं, तरी विचारते. माझं वय तिला माहीत आहे. ते ती विचारत नाही.

परवा दुपारी मी झोपले होते, मोबाईलचा आवाज बंद. शेजारणीनं दार बडवून उठवलं. नांदेडहून लुंबिनीनं तिला फोन केला होता, बाईंच्या घरी जाऊन बघा म्हणून. मोबाईल बघितला तर तिचे फोन ओळीनं पडलेले. मी उलटा लावला आणि चांगलीच झापली. एक दुपार झोपू देत नाहीस का गं माणसाला?

तिनं मला पुरतं झापू दिलं. मग म्हणाली, "रिंग जाऊन राहिली होती बाई. मला वाटलं, आता दुसरंच कुणीतरी उचलंल."